उबेची पेटी

विलासनं हातातलं यंत्र पिस्तुलासारखं रोखलं. काचेच्या पेटीतल्या काळ्या दगडावर लाल ठिपका पडला.

"अडतीस," तो स्वतःशीच म्हणाला. "अजून थोडा तापायला हवा."

मी दारात पिशवी घेऊन उभी होते. भुसावळहून सकाळच्या गाडीनं निघाले होते आणि निफाडला उतरून रिक्षानं घरी आले होते. त्यानं मान वळवली नाही.

"ये ताई. दार लावून घे. आणि समोरून नको येऊस, बाजूनं ये. एकदम कुणी पुढ्यात आलं की तो घाबरतो."

तो म्हणजे सरडा. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, हनुवटीखाली काट्यांची झालर. दिव्याखालच्या दगडावर पोट टेकून, डोळे अर्धे मिटून तो पडला होता. माझा भाऊ, शेतीची औषधं विकणारा शेहेचाळीस वर्षांचा गृहस्थ, त्याच्याकडे असा बघत होता की मला पिशवी खाली ठेवायचंही सुचेना.

मग मला नाना दिसले.

पेटीच्या बरोब्बर समोर, चार हातांवर त्यांची खाट होती. अंगात पातळ गंजीफ्रॉक, कमरेपर्यंत एक सुती चादर. डिसेंबर संपत आला होता. निफाडची थंडी रोज पेपरात छापून येत होती. मी स्वेटरवर शाल घेतली होती आणि तरी माझे दात वाजत होते.

"उभा," नाना मला बघून म्हणाले.

गावात नाना म्हणजे बोरस्ते सर. हायस्कुलात त्यांनी उभी हयात पी.टी. शिकवली. त्यांची खो-खोची पोरं राज्यावर खेळून आली. तीन वर्षांपूर्वी झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. मागे एकच शब्द राहिला. तहान लागली तरी उभा, कूस बदलायची असली तरी उभा, मी आले हे कळलं तरी उभा. डॉक्टर म्हणाले होते, आयुष्यभर जो शब्द तोंडात बसतो तो कधीकधी एकटाच उरतो. आम्हाला तेव्हा हसू आलं होतं. पी.टी.च्या सरांच्या तोंडात दुसरं काय उरणार!

"नाना, थंडी वाजते का हो?" मी त्यांचा हात हातात घेतला. गारढोण होता.

"सरांना?" विलास म्हणाला. तो वडिलांना सर म्हणायचा. शाळेत बापाला बाप म्हणायचं नाही असा नानांचाच नियम होता आणि तो घरातही चालू राहिला. मी कन्याशाळेत होते, म्हणून माझे ते नाना राहिले. "सरांना थंडीचं वावडं कधीपासून झालं, ताई? जन्मात कधी स्वेटर घातलेला बघितलास त्यांना?"

नव्हता बघितला.

"हा बघ," तो पेटीकडे वळला. त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "बंड्या. वाळवंटातला प्राणी आहे. नाशिकच्या एका माणसानं हौसेनं आणला आणि गॅलरीत ठेवला. मी बघितला तेव्हा गारठून लाकूड झाला होता. लोक म्हणाले, मेला, टाकून दे. मी घरी आणला. एकदम गरम नाही करायचं हं, हळूहळू करायचं. चौथ्या दिवशी यानं डोळा उघडला."

"आणि हे सगळं काय?"

"हे टोक तापलेलं, चाळीसच्या आसपास. ते टोक थंड, पंचवीस. मधे हवं तिथं तो जाऊन बसतो. मुद्दा कळला का, ताई? नुसती ऊब देऊन भागत नाही, त्याला निवड द्यावी लागते. गरम वाटलं तर पलीकडे जाता आलं पाहिजे. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळाली तर जगतो, नाहीतर खाल्लेलं पचत नाही. पोटातच सडतं."

"मग मरतो?"

"लगेच नाही. आधी मंद होतो. ओरडता येत नाही ना त्याला. गळा तेवढा काळा पडतो. बघणाऱ्याला कळलं तर कळलं."

चार हातांवरून नाना पेटीकडे बघत होते. त्यांचा डावा, धड असलेला हात चादरीवरून उठला, दिव्याच्या दिशेनं लांबला आणि खाली पडला. एका सरड्याला ऊन, आणि बाप चार हातांवरून त्या उन्हाकडे हात लांबवतोय.

आत अलका पोळ्या लाटत होती. तिच्या फोनवरूनच मी आले होते. "ताई, एकदा येऊन जा," एवढंच ती म्हणाली होती. आत्ताही तिनं मान वर केली नाही.

"काय झालंय, अलका?"

"काही नाही."

"नानांची आबाळ होतेय का?"

"आबाळ?" तिनं लाटणं थांबवलं. "पाठीला एक फोड नाही त्यांच्या. वेळच्या वेळी कूस बदलतात हे. भरवतात, औषधं देतात, सगळं काढतात. मला हात लावू देत नाहीत. आबाळ कशी म्हणू?"

"मग?"

तिनं पोळी तव्यावर टाकली. "उद्या पहाटे उठाल? नुसतं उठा. मी माझ्या तोंडानं काही सांगणार नाही."

अलका आणि विलासला मूल नव्हतं. लोक अलकाकडे बघून हळहळायचे. खरं काय ते तिनं मला एकदाच सांगितलं होतं. लग्नाच्या पहिल्याच महिन्यात विलास तिला म्हणाला होता, मला मूल नको, माझ्या हातात मूल द्यायचं नाही.

संध्याकाळी कारभारी ढोमसे आले. नानांचे जुने विद्यार्थी, आता द्राक्षांचे मोठे बागायतदार. मफलर, कानटोपी, जाड जाकीट अशा थाटात आत शिरले आणि नानांच्या पायावर डोकं ठेवलं.

"सर! आजही गंजीफ्रॉकवर!" ते खुर्ची ओढून बसले. "ताई, तुम्हाला सांगतो, आम्हाला पहाटे पाचला मैदानावर उघड्या अंगानं पळवायचे. रडलो आम्ही. पण घडलो. आज ही थंडी म्हणजे आम्हाला काही वाटत नाही."

ते बोलताना मफलर सारखा करत होते.

"आणि विलासभाऊ, खरं सांगतो, सरांचा वारसा तुम्ही चालवताय. दुसऱ्या कुणी म्हाताऱ्याला गोधड्यांत गुंडाळून ठेवलं असतं."

"सरांना ते आवडलं नसतं," विलास म्हणाला.

"उभा," नाना म्हणाले आणि त्यांनी हनुवटी वर उचलली. ढोमसेंनी डोळे पुसले.

दिवेलागणीनंतर विलासनं पेटीतला दिवा मालवला आणि एक गोधडी काळजीपूर्वक काचेवर पांघरली. चारी कोपरे खोचले. हवा यायला एका बाजूला चार बोटं फट ठेवली. गोधडी मी ओळखली. आईच्या हातची होती, तिच्याच जुन्या लुगड्यांची.

"विलास, ती नानांना दे की रे."

"रात्री वीसच्या खाली गेलेलं त्याला चालत नाही."

"आणि नानांना?"

"सरांना सगळं चालतं," तो म्हणाला आणि झोपायला गेला.

मी माझी शाल नानांवर घातली आणि पलीकडच्या खोलीत आडवी झाले.

पहाटे खिडकीच्या कडीचा आवाज झाला. मी उठले. बाहेरच्या खोलीत दिवा लागला होता. नानांच्या उशाची मोठी खिडकी सताड उघडी होती आणि तिच्यातून आत येणारी हवा अंगाला कापत होती. लांब द्राक्षांच्या बागांमधून धूर उठत होता. घड गारठू नयेत म्हणून लोकांनी बागांत शेकोट्या पेटवल्या होत्या. माझी शाल घडी घालून खुर्चीवर ठेवलेली होती.

विलासनं आधी पेटीतला दिवा लावला. गोधडी तशीच राहू दिली, काचेवरून हात फिरवून बघितला. मग तो नानांकडे वळला. गंजीफ्रॉक काढला. बादलीत पंचा बुडवला, न पिळता उचलला आणि त्यांच्या छातीवर ठेवला.

नानांचं सगळं अंग खाटेवर एकदा उसळलं. छातीवरचे पांढरे केस उभे राहिले. तोंडातून आवाज आला नाही.

"विलास!"

त्यानं वर बघितलं. दचकला नाही. "उठलीस? झोप ना अजून."

मी बादलीत हात घातला. बोटं बधिर झाली. "हे पाणी गरम कर."

"सरांनी कधी गरम पाण्यानं आंघोळ केली?"

"तेव्हा ते धडधाकट होते."

"मी नव्हतो धडधाकट," विलास म्हणाला. अगदी शांतपणे. पंचा पुन्हा बुडवला आणि नानांच्या पोटावर ठेवला. "मी आठ वर्षांचा होतो."

मग मला कळलं की तो त्यांचं अंग पुसतच नव्हता.

विलास लहानपणी अंथरूण ओलं करायचा. नऊदहा वर्षांचा होईपर्यंत. नाना पहाटे त्याची सतरंजी चाचपून बघायचे. ओली लागली की त्याला उचलून मागच्या अंगणात न्यायचे, हौदाच्या नळाखाली. "उभा." थंडी असो, काही असो. पाणी डोक्यावर सोडलेलं आणि नाना हाताची घडी घालून समोर. तो खाली बसला की पुन्हा, "उभा." शेजारी जागे असायचे. कुणी काही बोलायचं नाही. सर पोरगं घडवतायत. आई आत चुलीवर पाणी तापवून ठेवायची, पण ते बाहेर न्यायची तिची छाती नव्हती. एकदा त्याला न्यूमोनिया झाला. नाना दवाखान्यात आले, पायाशी उभे राहिले आणि म्हणाले, "अशक्त आहे."

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"झटका आल्यापासून. दर हिवाळ्यात."

"ते मरतील, विलास."

"नाही मरणार." तो माझ्याकडे वळला आणि पहिल्यांदा त्याचे डोळे चमकले. "पाठ बघ त्यांची. कुठं लाली नाही. छाती महिन्याला तपासून घेतो. पंचा ठेवतो, काढतो, मग कोरडं करतो. मरायला मी देणारच नाही त्यांना. डॉक्टर म्हणतात, अशी सेवा केलीत तर अजून पंधरा वर्षं जातील. मी वीस काढीन."

"ही सेवा?"

"त्यांचीच शिस्त आहे ही. माझ्या पदरचं मी काहीएक घातलेलं नाही."

"आणि पेटी इथं, त्यांच्या डोळ्यांसमोर? तीही शिस्तच का?"

त्यानं पेटीकडे बघितलं. मग म्हणाला, "बघू देत. ऊब कशी देतात ते त्यांनी एकदा बघितलं पाहिजे."

"खिडकी लाव."

"ताई, तू उद्या परवा जाशील. मधे पडू नकोस."

"लाव म्हणते ना!"

"तेव्हा तू आत होतीस. चुलीपाशी," तो म्हणाला. "आत्ताही आत जा."

त्यानं पंचा पुन्हा बुडवला.

मी पेटीपाशी गेले. गोधडी ओढून खाली टाकली, झाकण सरकवलं. बंड्या नुकताच जागा होऊन दगडावर चढला होता. मी त्याला पाठीवरून मुठीत धरला. तो चावला नाही, धडपडला नाही. चारी पायांनी त्यानं माझी बोटं पकडली आणि पोट तळहाताला चिकटवलं. माझा हात त्याला गरम लागत असणार.

मी तो बादलीवर धरला. शेपटीचं टोक पाण्याला लागलं.

विलासच्या हातातला पंचा गळून पडला.

"ताई!"

"खिडकी."

"ताई, नको. काल संध्याकाळी अळ्या खाल्ल्यात त्यानं. पोट भरलेलं आहे. आत्ता गारठला तर..."

"सडेल. सांगितलंस तू. खिडकी लाव."

तो खिडकीकडे धावला. कडी बसेना त्याच्याकडून. वाऱ्याच्या झोतात माझ्या मुठीतल्या त्या जनावराचा गळा फुगला आणि आधी करडा, मग काळाकुट्ट झाला.

"लावली! लावली बघ! दे आता."

"गरम पाणी आण."

तो आत पळाला आणि तसाच परतला. हातात वाफाळतं पातेलं. पुढं अलकाकडून कळलं, ती रोज पहाटे ते तापवून ठेवायची. मागितलं मात्र कुणी नव्हतं.

"पूस त्यांना. नीट. पिळून घे पंचा."

त्यानं पुसलं. हुंदके देत पुसलं. शेहेचाळीस वर्षांच्या माणसाच्या नाकातून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही त्याचा हात मोकळा नव्हता.

"स्वेटर."

"स्वेटर नाही त्यांना."

"तुझा काढ."

त्यानं अंगातला काढला आणि नानांचा लुळा हात आधी बाहीत घातला. मी बादलीवरून मूठ हलवली नाही. मला हलवावीशी वाटली नाही, हेही सांगते. तो माझं ऐकत होता. जे सांगीन ते, सांगीन तितक्या लवकर करत होता. त्यात एक गोडी होती.

"ताई, केलं सगळं. आता दे ना गं. पाया पडतो तुझ्या."

तो खरंच गुडघ्यांवर आला.

"उभा," नाना म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. नाना हसत होते. धड असलेलं अर्धं तोंड वर गेलेलं, डोळ्यांत पाणी आणि चमक. ते विलासकडे बघत नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. खो-खोच्या पोरांनी ढाल आणली तेव्हा मैदानावर त्यांचा हाच चेहरा मी कुंपणाबाहेरून पाहिला होता. माझ्या वाट्याला तो त्या दिवशी पहिल्यांदा आला.

मी बंड्याला दगडावर ठेवलं. विलासनं पेटीला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि कपाळ काचेला टेकून तो तसाच बसून राहिला.

दुपारी मी भाड्याची जीप मागवली. नानांना भुसावळला नेते म्हटल्यावर विलासनं विरोध केला नाही. औषधं कोणती, कधी द्यायची, कूस कशी बदलायची, सगळं नीट समजावून दिलं. त्यांना उचलून जीपमध्ये झोपवलंही त्यानंच. डोक्याखाली हात घालून, मानेला धक्का न लावता. अलका जीपच्या खिडकीशी आली.

"बरं केलंत, ताई," ती हळूच म्हणाली. "पण तुम्ही त्यांना नेलंत. आता हे पहाटे उठून करणार काय?"

भुसावळला मी नानांना घराच्या उबदार बाजूची खोली दिली. ह्यांनी रेल्वेच्या बाजारातून हीटर आणला. मी दोन स्वेटर घेतले, पायमोजे घेतले, रोज ऊन ऊन पाण्यानं अंग पुसू लागले. आणि नाना जेवेनासे झाले.

आधी वाटलं, जागा बदलली. मग वाटलं, विलासची सवय होती. घास तोंडाशी नेला की ते मान फिरवायचे. डाव्या हातानं स्वेटर गळ्याशी ओढत राहायचे, ओढून ओढून त्यांनी त्याची वीण उसवली. हीटरकडे हात करून "उभा, उभा" म्हणायचे. तो हात मी ओळखला. निफाडला दिव्याकडे लांबायचा तोच. मी हीटर अजून जवळ सरकवायची आणि ते चिडून भिंतीकडे तोंड करायचे. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, वय आहे, तयारी ठेवा.

एका सकाळी वीज गेली होती आणि गॅसही संपला होता. नाना ओले होते, थांबून चालण्यासारखं नव्हतं. जीव मुठीत धरून मी नळाच्या पाण्यात पंचा पिळला आणि त्यांच्या छातीवरून फिरवला.

त्यांनी डोळे उघडले. छाती भरून श्वास घेतला. लुळं नसलेलं सगळं अंग ताठ केलं, हनुवटी वर आणली, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू म्हणत होते की चला, एवढ्या दिवसांनी तुला जमलं. त्या दिवशी ते दीड भाकरी जेवले.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थंड पाणी घेतलं. हीटर बंद केला. त्यांनी स्वेटर ओढला तसा मी तो काढून टाकला आणि खिडकी उघडली. नाना महिन्याभरात पूर्वीसारखे झाले. गालांवर तकाकी आली. दिव्याकडे, हीटरकडे ते हात का लांबवत होते ते मला तेव्हा कळलं. ते ऊब मागत नव्हते. बंद करा म्हणत होते.

पुढच्या हिवाळ्यात विलास आला. न कळवता, सकाळच्या गाडीनं. वर्षभरात तो वाळला होता. दारातूनच त्याला आतली खोली दिसली. उघडी खिडकी, गंजीफ्रॉकमधले नाना, खाटेशी बादली आणि माझ्या हातात ओला पंचा.

तो जागच्या जागी थांबला. मग त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पसरत गेलं. लहानपणी आईनं लपवून गूळ दिला की त्याचा चेहरा असा व्हायचा.

"ताई," तो हळूच म्हणाला. "तूपण?"

मी पंचा ठेवला आणि त्याला बाहेरच्या खोलीत आणून बसवलं. चहा केला. त्यानं कप दोन्ही हातांत धरला, प्याला नाही.

"मला वाटलं होतं, तुला कधीच कळणार नाही," तो म्हणाला. "तू मुलगी. तुला त्यांनी बोटही लावलं नाही. अलका म्हणते मी राक्षस आहे. तसं तोंडानं म्हणत नाही, पण म्हणते. बंड्या पेटीजवळ कुणीही आलं की काळा पडतो आता. मी गेलो तरी. आणि तू इथं..." त्यानं आतल्या दाराकडे मान केली. "बरं वाटलं गं बघून."

"तसं नाही ते, विलास."

"मग कसं?"

"त्यांना तसंच हवं असतं. स्वेटर घातला की ते जेवत नाहीत. गरम पाणी लावलं की तोंड फिरवतात. मी सगळं करून बघितलं."

त्यानं मान हलवली.

"इथं आल्यावर तसं झालं," तो म्हणाला. "तुझ्या घरी."

"नाही. तिकडेही तसंच होतं."

"तिकडे ते उसळायचे. पंचा ठेवला की उसळायचे."

"थंड पाण्यानं कुणीही उसळतं. नंतरचा चेहरा बघितलास कधी?"

त्यानं बघितला नव्हता. पंचा ठेवला की तो छातीकडेच बघायचा, त्या पहाटे मी पाहिलं होतं.

आतून खाट करकरली. नानांना कूस बदलायची असेल. आम्ही दोघंही उठलो नाही. चहावर साय धरली.

"बरं, असू दे," विलास म्हणाला. "आवडत असेल. पण मी का करत होतो ते कळत असेल ना त्यांना? एवढं तरी? हौद, नळ, ते सगळं. ते विसरले नसतील. डोळे माझ्यावर असायचे त्यांचे, ताई. रोज पहाटे. काय कळत होतं गं त्यांना? तू इतके महिने जवळ आहेस. तुला दिसलं असेल."

हो म्हणणं सोपं होतं. हो, कळत होतं. तेवढ्यावर तो उठून गेला असता, बंड्याचा दगड तापवत राहिला असता, म्हातारा झाला असता. त्यानं कप घट्ट धरला होता आणि उत्तर मिळेपर्यंत तो खाली ठेवणार नव्हता. पोरासारखा तोंडाकडे बघत बसला होता.

"त्यांना वाटायचं," मी म्हटलं, "तू सुधारलास."

त्यानं कप टेबलावर ठेवला. चहा सांडला नाही. तो उठला, आतल्या खोलीकडे न बघता दाराशी गेला आणि चपला शोधू लागला. त्याच्या पायांसमोरच होत्या त्या. तो वाकून पायरीच्या खाली बघत होता, कोपऱ्यात बघत होता, आमच्या चपला उचलून बाजूला ठेवत होता.